शिवीला दाद म्हणू नका

भाऊबीज उरकली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, नाटकाचा हंगाम उभा राहतो आणि होळीपर्यंत चालतो. या नाटकांचं केंद्र असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या मंडळांच्या गाड्या रोज रात्री नव्या गावाला लागतात. हे जुनंच आहे. नवं इतकंच की नाटक सुटायच्या आत त्याचं भांडण मोबाइलवर सुरू झालेलं असतं. कुठल्या मंडळाचा नायक भारी, कुणाची लावणी फिकी पडली, कोणती नायिका यंदा कुणाला सोडून कुणाकडे गेली, यावर फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे चाहत्यांचे ग्रुप रात्रभर पेटलेले असतात. त्यात स्त्री-कलाकारांबद्दल जे लिहिलं जातं ते घरात मोठ्यानं वाचता येणार नाही असं असतं, आणि आता त्यावरही वाद सुरू झाला आहे. एक बाजू म्हणते, आपल्या मातीतल्या कलावंतांबद्दल वाईट शब्द नको, कौतुकच करा, बाकीच्यांना ग्रुपमधून काढा. दुसरी म्हणते, आम्ही तिकीट काढतो, आम्ही बोलणार, ज्याला झोंबतं त्यानं ग्रुप सोडावा. दोघांचाही समज एकच आहे: आदर म्हणजे स्तुती. म्हणून एकाला टीका नकोशी झाली आहे आणि दुसऱ्याला आदर. माझं म्हणणं असं की कामाची चिकित्सा कितीही कडक असो, ती चाहत्यांच्या ग्रुपवर झालीच पाहिजे; माणसाची विटंबना मात्र एकदाही खपवून घेऊ नये. ही रेघ राखण्याचं काम ग्रुप चालवणाऱ्यांचं आहे आणि त्यात गप्प बसून वाचणाऱ्या आपल्या सगळ्यांचं आहे.

आधी हे घडतं कसं ते पाहू, कारण वाद घालणारे नेमकं तेच पाहायचं टाळतात. रात्री साडेबारा-एकच्या सुमारास मंडपातला कुणीतरी मोबाइल उंच धरून लावणीचा तुकडा टिपतो. चार-पाच तासांच्या नाटकातले वीस सेकंद. त्याच बाईनं पुढच्या अंकात मेलेल्या पोराला मांडीवर घेऊन केलेला प्रवेश, ज्याला पुढच्या सतरंजीवरच्या बाया पदरानं डोळे पुसतात, तो कुणी टिपत नाही. क्लिप ग्रुपवर पडते. पहिली कमेंट साधी असते: ‘आवाज बसला वाटते बाईचा.’ दुसऱ्या मंडळाचा चाहता लिहितो, ‘वय झालं आता, घरी बसवा म्हना.’ मग या मंडळाचा चाहता त्यांच्या नायिकेचा फोटो टाकून तिचा संसार कुणी मोडला ते सांगतो. मग जात येते. मग ‘नंबर हाय का कोनापाशी?’ आणि कुणीतरी खरंच नंबर टाकतो, कारण तारखा ठरवायच्या निमित्तानं तो पाचपंचवीस जणांकडे असतोच. जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत रंगपट थाटलेला असताना, ट्रंकेवर बसून, पायातले घुंगरू तसेच ठेवून, एका हातानं पावडर लावत दुसऱ्या हातानं हे सगळं वाचणारी एक अभिनेत्री मी पाहिली आहे. मागच्या फळ्यावर मुलांचे पाढे होते. तिनं फोन उपडा ठेवला, कुंकू सरळ केलं आणि एन्ट्रीला गेली. विंगेतला प्रॉम्प्टर वाक्य पुरवत राहिला, तरी त्या अंकात तिचे संवाद सुटत गेले. सकाळी ग्रुपवर तक्रार होती की बाईचं पाठांतर नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं घेतो, कारण ते खोटं नाही. झाडीपट्टीची रंगभूमी तिकिटावर जगली आहे, आणि तिकीट काढणारा इथला प्रेक्षक कधीच मिळमिळीत नव्हता. धान घरी आला की हातात पडलेल्या पैशातून तो बायकापोरं, पाहुणे, सोयरे यांना घेऊन नाटकाला येतो, ऐन थंडीत शाल-घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतो, प्रवेश रेंगाळला तर शिट्ट्या मारून हैराण करतो, गाणं जमलं तर वन्स मोअर घेतल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. मुंबई-पुण्याचा नावाजलेला चेहरा पत्रकावर असला तरी काम उणं पडलं की ‘टीव्हीवर दिसते म्हनून का झालं?’ असं तोंडावर म्हणायला तो कचरत नाही. या परखडपणानं इथले नट घडले. मग तोच प्रेक्षक मोबाइलवर परखड झाला तर बिघडलं कुठं? बिघडलं ते असं की मंडपातली शिट्टी प्रवेशाला असते. मंडपात कुणी उठून तिच्या नवऱ्याचं नाव घेत नाही, तिची जात पुकारत नाही. कुणी घेतलंच तर ज्या गावच्या मंडळानं नाटक आणलेलं असतं त्याची पोरं त्याला बखोटीला धरून बाहेर नेतात. मंडप काही देऊळ नाही. पिऊन येणारे असतात, अचकट हातवारे करणारे असतात. पण तिथं हद्द कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ती राखणारा कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभा असतो. ग्रुपवर तसं कोण उभं आहे?

कौतुकवाल्या बाजूशीही मी भांडणार आहे. चाहत्यांत फळ्या पडूच नयेत, तुलना करूच नये, हा आग्रह या मातीला धरून नाही. आपली खडी गंमत काय होती? दंडार या नाच-गाण्याच्या लोकनाट्याच्या बरोबरीनं झाडीत वाढलेला हा लोकनाट्याचा खेळ शाहिरी चढाओढीवर तर रंगत होता. कलगीवाले एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या बाजूला. शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, यावर सवाल टाकायचा आणि समोरच्यानं जवाब द्यायचा. भेदिक रचनेत कोडं असं घालायचं की रात्र उलटली तरी सुटू नये. गावं दोन फडांत वाटली जायची. पण त्या भांडणाला घाट होता. सवालाला जवाबच द्यावा लागे. उत्तर आलं नाही म्हणून समोरच्या शाहिराची आई काढली तर त्याला हरल्याची कबुलीच मानलं जाई. आणि शाहीर रचनेच्या शेवटी आपलं किंवा आपल्या गुरूचं नाव घालत असे. जे बोललो ते कुणाच्या नावावर बोललो हे ऐकणाऱ्याला कळत असे. आजच्या ग्रुपवर सवाल आहे, जवाब आहे, फड दोनाऐवजी दहा आहेत, फक्त घाट गेला आहे. चढाओढ बंद करा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: चढाओढ गेली तर प्रेक्षकाचं बारीक पाहणंही जाईल. कुणाचा सूर कुठं हलला, कुणी खलनायकाच्या हसण्यात काय नवं केलं, हे दोन्ही मंडळांची नाटकं पाहणाऱ्यालाच कळतं.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात याहून मोठा दाखला आहे. बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावर शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्र असाच दुभंगला होता. एका बाजूला गंधर्व मंडळी, दुसऱ्या बाजूला ललितकलादर्श, आणि दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. अशा काळात ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघं एकाच रंगमंचावर उभे राहिले. संयुक्त मानापमानाचा तो प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. धैर्यधर केशवरावांचा, भामिनी बालगंधर्वांची. त्यानंतर तीनेक महिन्यांतच केशवराव गेले. त्या रात्री चाहत्यांनी आपापली बाजू सोडली नसेल. सोडायची गरजही नव्हती. पण ज्या दोघांच्या नावानं ते भांडत होते ते दोघं एकमेकांच्या गळ्याची किंमत जाणून होते, ही गोष्ट त्यांना डोळ्यांनी पाहावी लागली. आपल्याकडेही हेच चालतं, फक्त आपण ते मानत नाही. वडशाच्या मंडळांत कलाकार दर हंगामाला इकडून तिकडं जातात. यंदा ज्या दोन नायिकांच्या नावानं ग्रुपवर रक्त आटवलं जातंय त्या गेल्या वर्षी एकाच गाडीतून, एकाच चादरीत पाय घेऊन परतत होत्या. तबलेवाला आज या मंडळात, परवा त्या. एक जण आजारी पडला तर दुसऱ्या मंडळाचा नट भूमिका सांभाळून घेतो. शत्रुत्व कलाकारांत नाहीच, तर मग चाहते ते कुणाच्या वतीनं पाळत आहेत?

आता मला जो आक्षेप खरोखर जड वाटतो तो. आदराची भाषा नेहमी वरून खाली येते, असं काही तरुण म्हणतात, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. एखाद्या छोट्या कलाकारानं लिहिलं की हंगाम संपला तरी रात्रीचे पैसे मिळाले नाहीत, तर लगेच ‘मंडळाची बदनामी करू नका’ म्हणून तोंड दाबलं जातं. लावणीच्या नावाखाली मुलींना काय करायला लावतात असं कुणी विचारलं, तर ‘कलेचा अपमान’ होतो. ज्यांना शतकानुशतकं सभ्यतेच्या नावाखाली गप्प बसवलं त्यांच्या नातवंडांनी आज आवाज चढवला तर त्यांना शिष्टाचार शिकवायचा अधिकार कुणाला आहे? सत्यशोधकी जलशांनी आणि पुढं आंबेडकरी जलशांनी गोड भाषेत काही मागितलं नव्हतं. त्यांनी भटशाहीची, सावकारीची, रूढींची भर चौकात टर उडवली, आणि ते योग्यच होतं. तेव्हा ‘सौम्य बोला’ हा नियम मी मागत नाही, कधीच मागणार नाही. पण जलशातल्या त्या तडाख्यांकडे नीट पाहावं. त्यांचा रोख कुणाकडे होता? जो बलवान होता, ज्याच्या हातात पाणवठा आणि वहीखातं होतं, त्याच्याकडे. ग्रुपवरच्या शिवीचा रोख कुणाकडे असतो? बहुतेक वेळा रात्रीच्या बिदागीवर जगणाऱ्या, एकट्यानं प्रवास करणाऱ्या, उद्या कोणत्या गावात झोपायचं हे दुसऱ्याच्या हातात असलेल्या बाईकडे. जो मंडळ चालवतो, ज्यानं पैसे बुडवले, त्याला या शूरांपैकी किती जण शिवी देतात? ज्याच्याकडून परत वार येणार नाही त्यालाच मारायचं, याला बंड म्हणणं जलसाकारांवर अन्याय आहे.

आणि कडक बोलायचंच असेल तर विदर्भाजवळ गाडगेबाबांएवढा मोठा दाखला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस रात्रीच्या कीर्तनात समोर बसलेल्यांनाच सवाल करायचा. कर्ज काढून लग्न कशाला, दारू कशाला, देवापुढं मुकं जनावर कापता ते कशाला, माणसाचा विटाळ धरता तो कशाला? ऐकणाऱ्याला उत्तर द्यावंच लागायचं. लोक ते ऐकून घ्यायचे, हसायचे, रडायचे आणि पुन्हा यायचे. का यायचे? कारण त्याच दिवशी सकाळी त्या गावाचे रस्ते त्यांनी स्वतः खराट्यानं झाडलेले असत. कीर्तन ऐकणाऱ्याला ठाऊक होतं की हा आपल्याला हिणवत नाही, आपल्या बाजूनं भांडतो आहे. चाहत्याच्या टीकेत हे दिसायला हवं. तू तिच्या बाजूनं भांडतो आहेस की तिच्या विरुद्ध? हे शब्दांच्या धारेवरून कळत नाही, शब्द कुठं लागतात त्यावरून कळतं. ‘दुसऱ्या अंकात बाईंचा आवाज मागच्या लोकांपर्यंत पोचत नव्हता, माइक खाली बांधला होता, आणि गाण्याआधी त्यांना दम घ्यायला वेळच ठेवलेला नाही’ ही कडक टीका आहे. मंडळाच्या मालकाला, दिग्दर्शकाला, साउंडवाल्याला एकदम लागते. ‘म्हातारी झाली’ यात टीका कुठं आहे?

तिसरं म्हणणं फार ऐकू येतं: मोबाइलवरचं मोबाइलवर, मनाला लावून घेऊ नये, ब्लॉक करावं. मोठ्या शहरात कदाचित हे चालत असेल, जिथं लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण हे कधीच कळत नाही. आपल्याकडे? सिंदेवाहीच्या ग्रुपवर पडलेला स्क्रीनशॉट तासाभरात लाखांदूरला तिच्या नणंदेच्या फोनवर असतो. लिहिणारा तिच्या माहेरच्या गावचा असतो, तिच्या भावाच्या वर्गातला असतो. सोयरीक जुळवताना माणसं आता मोबाइलवर आधी नाव टाकून पाहतात. कलाकार बाईच्या मुलीच्या लग्नात ती क्लिप, ती कमेंट समोर येते. आणि ब्लॉक कुणाला करायचं? ज्या फोनवर घाण येते त्याच फोनवर तारीख येते. अनोळखी नंबर उचलला नाही तर एखाद्या गावचं नाटक हातचं जातं. बायांनी रंगभूमीवर यावं म्हणून या प्रदेशाला किती वाट पाहावी लागली ते आठवून पाहा. एके काळी दंडारीत आणि खडी गमतीत लुगडं नेसून पुरुषच नाचत होते; नाटकात बायांच्या भूमिकाही पुरुषच करत होते. पुढं नागपूरहून स्त्री-कलाकार येऊ लागल्या, मग हळूहळू इथल्याच गावांतल्या मुली उभ्या राहिल्या. घरच्यांची नाराजी, भावकीची बोलणी सोसून त्या आल्या. आज त्यांना घरी बसवण्याचं काम भावकी करत नसेल तर चाहते करत आहेत, आणि वर स्वतःला चाहतेच म्हणवतात.

मग पोलिसांत जावं का? कौतुकवाल्या बाजूचा हा आवडता उपाय आहे, आणि इथं मी दुसऱ्या बाजूच्या भीतीशी सहमत आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम ६६-अ चा तेव्हा वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं. बोलण्यावर पोलिसाची काठी फिरू लागली की ती आधी दुबळ्याच्या पाठीवर पडते. धमकी, पाठलाग, स्त्रीच्या अब्रूवर घाला यांची गोष्ट वेगळी. त्यासाठी भारतीय न्याय संहितेत ३५१, ७८ आणि ७९ ही कलमं आहेत आणि ती वापरणाऱ्या बाईच्या मागं आपण उभं राहिलंच पाहिजे. पण रोजच्या घाणीसाठी कायदा पुरणार नाही, आणि पुरू नये. उरतो तो ग्रुप चालवणारा. याबाबत एक निकाल आपल्या झाडीतूनच गेलेला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सदस्यानं एका स्त्री-सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिननं त्याला ना काढलं, ना माफी मागायला लावली, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तो रद्द केला. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. अ‍ॅडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं याहून फार काही नसतं.

हा निकाल योग्य आहे. पण आमच्याकडचे अ‍ॅडमिन तो ढालीसारखा पुढं करतात: कोर्टानंच सांगितलं, आमची जबाबदारी नाही. कोर्टानं सांगितलं ते एवढंच की तुम्हाला तुरुंगात टाकता येत नाही. सदस्य काढण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे हे तर कोर्टानंच नोंदवलं आहे. तो वापरायला कुणी अडवलं? गावात नाटक आणणाऱ्या मंडळावर तरी कोणता कायदा असतो? मंडप, वीज, पाणी, कलाकारांची जेवणं, बायांना बसायची वेगळी जागा, दंगा करणाऱ्याला बाहेर काढणं, हे सगळं ती पोरं करतात, कारण गावाचं नाव जाईल ही भीती असते. ‘त्या गावाला जाऊ नका, तिथं बायांना त्रास होते’ हे वडशात एकदा पसरलं की पुढच्या वर्षी चांगलं मंडळ तारीख द्यायला कुरकुरतं. ग्रुपला असं नाव कमवायला किंवा घालवायला काय हरकत आहे?

या सगळ्याच्या मुळाशी मला एक गैरसमज दिसतो: चाहता म्हणजे मालक. आपल्याकडे गाण्याला खुश होऊन बक्षीस द्यायची रीत आहे. माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, कलाकार वाकून नमस्कार करते, पुढचं कडवं म्हणते. रीत सुंदर आहे, कारण देणारा आपल्या जागेवर जाऊन बसतो. ग्रुपवर तो बसत नाही. ‘आमी हिले मोठी केली’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की त्याचा अर्थ आता नीट कळतो: मोठी आम्ही केली, म्हणून कुणासोबत काम करायचं, काय नेसायचं, कुणाशी बोलायचं हे आम्ही ठरवणार, आणि ऐकलं नाही तर पाडणारही आम्हीच. मोठी तिला तिच्या गळ्यानं केली. घाम तिचा होता, जागरण तिचं होतं, डिसेंबरच्या थंडीत झिरझिरीत लुगड्यात उघड्या रंगमंचावर उभं राहणं तिचं होतं. चाहत्यानं पाहिलं, आणि पाहणं ही मोठी गोष्ट आहे. प्रेक्षकाशिवाय नाटक नाही. पण पाहिल्यानं सातबारा नावावर होत नाही.

आधार देणं म्हणजे काय, याचीही उदाहरणं याच ग्रुपांत सापडतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल आस्था आहे. कोणत्या गावी कोणाचं नाटक आहे, कोणता रस्ता उखडलाय, परतीला जंगलातून जाताना कुठं थांबू नये, हे इथंच कळतं. मंडळाची गाडी रात्री उलटली तर रक्ताच्या पिशवीसाठी पहिला निरोप चाहत्यांच्याच ग्रुपवर फिरतो, आणि तेव्हा कुणी विचारत नाही की तू कुठल्या मंडळाचा. कोरोनात रंगमंच बंद पडले तेव्हा वाजंत्री, रंगभूषाकार, पडदेवाले यांची उपासमार सगळ्या मंडळांत सारखीच होती. त्याआधी, २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, शंकरपट थांबले, आणि पटाच्या पाहुण्यांसाठी होणारी नाटकंही अनेक गावांत अडचणीत आली. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयानं वाट मोकळी केली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली, तोवर नुकसान सगळ्यांचंच झालं होतं. २०२३ मध्येच कुरखेडा तालुक्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती काय एका मंडळाची होती? मग दोन तिकिटं अधिक खपावीत म्हणून समोरच्या मंडळाची बाई नागवण्यात कोणाचा फायदा आहे? नव्या मुलीचं पहिलं नाटक पाहून आलेल्या चाहत्यानं चार ओळी लिहाव्यात: कुठं घाबरली, कुठं सावरली, कोणत्या वाक्याला लोक थांबले. त्या ओळी ती जपून ठेवते. मोठ्या नटांच्या भिंतीवर दहा हजार हृदयं टाकण्यापेक्षा त्या चार ओळींना मोल आहे, कारण वडशात बसून दिग्दर्शकही त्या वाचतो आणि पुढच्या वर्षी तिला कोणती भूमिका द्यायची ते ठरवतो.

व्यवहाराचं बोलायचं तर मागणं थोडकं आहे. पत्रकं छापायच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर, प्रत्येक ग्रुपनं आपले नियम ठरवून वर लावावेत. कलाकाराचा फोन नंबर, घर, लग्न, जात यावरचा मजकूर त्याच क्षणी उडवावा आणि टाकणाऱ्याला काढावं. तो कुणाचा भाचा आहे ते पाहू नये. नाटकाची क्लिप टाकायची तर मंडळाला आणि कलाकाराला विचारून, आणि तिच्यावरचा मथळा असा की तो तिच्या मुलीला वाचता यावा. अ‍ॅडमिनमध्ये बाया असाव्यात. पैसे बुडाल्याची, त्रास झाल्याची तक्रार मात्र कुणीही ‘बदनामी’ म्हणून दाबू नये. नाव न सांगता तक्रार करायची सोय अशाच लोकांसाठी ठेवावी, शिवी देणाऱ्यांसाठी नाही. खोट्या नावानं शिवी देणारा आणि भीतीपोटी नाव लपवून पैसे मागणारा यांना एकाच मापानं मोजणं चूक आहे, आणि त्यांतला फरक कळायला वकील लागत नाही.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो गर्दीचा. इतकी बंधनं घातली तर ग्रुप ओस पडेल, मजा जाईल, लोक दुसरीकडे जातील. काही जातील हे मला मान्य आहे. जे फक्त क्लिपवर तुटून पडायला येतात ते नक्कीच जातील. पण आत्ता त्या ग्रुपांत कोण आहे ते एकदा नावांची यादी उघडून पाहा. मंडपात निम्म्या बाया असतात. संध्याकाळपासून जागा धरून, पोरांना मांडीवर निजवून, चार अंक डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या त्याच असतात. नायिकेनं कोणत्या प्रवेशात कोणती साडी नेसली, कोणत्या मुलीचं रडणं खरं होतं, सासूच्या भूमिकेतल्या बाईनं भाकरीचं टोपलं कसं आपटलं, हे दुसऱ्या दिवशी धान पाखडताना त्या इतकं बारीक सांगतात की कुठल्याही समीक्षकानं वही काढावी. ग्रुपवर यांतली एकही बोलताना दिसत नाही. ज्या दोन-चार आहेत त्या वाचतात, अंगठा देतात आणि गप्प राहतात, कारण पहिलं वाक्य लिहिलं की पुढची कमेंट त्यांच्यावर येईल हे त्यांना माहीत आहे. झाडीपट्टीच्या नाटकाचा सगळ्यात जाणता अर्धा प्रेक्षक आजच बाहेर उभा आहे. गर्दीची काळजी करणाऱ्या अ‍ॅडमिननी या हंगामात आधी त्याची मोजदाद करावी.